कांजिण्यांची लस : कोणी घेऊ नये, कोणी थांबावे?

होळी जवळ आली की दवाखान्यात कांजिण्यांचे रुग्ण दिसू लागतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत अधूनमधून येतच राहतात. त्यांच्या मागोमाग लशीची चौकशी सुरू होते. बुधवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात पेठेतली मंडळी येतात, तशीच अप्पा बळवंत चौकात पुस्तकखरेदीला आलेली तालुक्याच्या गावची मंडळीही 'आलोच आहोत तर विचारून जाऊ' म्हणून डोकावतात. प्रश्न ठरलेले असतात. मुलाला सर्दी आहे, लस टोचावी का? घरात सून गरोदर आहे, नातवाला लस दिली तर तिला बाधेल का? पोर अंगाने बारीक आहे, झेपेल का?

या प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत, ती पुढे देतोच. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली आहे. ज्यांनी थांबण्याचे काहीच कारण नाही ते आईवडील महिनोन् महिने थांबतात, आणि ज्यांनी खरोखर थांबायला हवे त्यांच्या तोंडून नेमकी महत्त्वाची गोष्ट निघतच नाही. ती महत्त्वाची आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून लशीचे गुणगान बाजूला ठेवून आज फक्त एवढाच विषय घेतो.

जिवंत लस

कांजिण्यांची लस ही जिवंत लस आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनात जिवंत जंतू नसतो. कांजिण्यांच्या लशीत मात्र कांजिण्यांचाच विषाणू असतो, फक्त त्याची रग जिरवलेली असते. टोचल्यावर तो शरीरात थोडासा वाढतो, शरीराचे सैन्य त्याला ओळखते, आवरते आणि ती ओळख पुढे वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. सारी मदार या 'आवरते' शब्दावर आहे. ज्याचे सैन्य ठिकाणावर आहे त्याला ही लस बाधत नाही. ज्याचे सैन्य आजाराने किंवा औषधाने निःशस्त्र झाले आहे, त्याच्या शरीरात रग जिरवलेला विषाणूही मोकाट सुटू शकतो. कोणी लस घेऊ नये याची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

ही लस तयार केली जपानच्या डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी. १९६४ साली ते अमेरिकेत संशोधन करीत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. साधा समजला जाणारा आजार, पण त्या पोराला असा काही जोराचा झाला की त्याच्या श्वासाकडे बघत आईवडिलांना रात्र काढावी लागली. जपानला परतल्यावर ताकाहाशींनी ओका आडनावाच्या एका मुलाच्या अंगावरील फोडातून विषाणू घेतला आणि तो प्रयोगशाळेत माणसाच्या व गिनीपिगच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला. १९७४ साली त्यांनी ती लस प्रसिद्ध केली. आजही जगात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व लशी या 'ओका' वाणाच्याच आहेत. अमेरिकेत ती १९९५ साली मंजूर झाली. आपल्याकडे ती खासगी दवाखान्यांत मिळते. सरकारी मोफत लसीकरणात मात्र ती नाही, त्यामुळे द्यायची की नाही हे ठरवणे आईवडिलांच्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या गळ्यात पडते.

सर्वसाधारण निरोगी मुलाला पहिला डोस पंधरा महिन्यांनंतर आणि दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी देतात. तेरा वर्षांवरील ज्यांना कांजिण्या झालेल्याच नाहीत, त्यांनी चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत. ज्याला लहानपणी नक्की कांजिण्या येऊन गेल्या आहेत त्याला लशीची गरज नाही. 'नक्की' म्हणालो, कारण घामोळे, खरूज आणि किड्याने उठवलेल्या फोडांनाही घराघरांत कांजिण्या म्हणायची पद्धत आहे.

स्टेरॉइड : ज्याबद्दल कोणी बोलत नाही

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात ही लस टाळण्याचे वा लांबवण्याचे सर्वांत जास्त आढळणारे आणि सर्वांत जास्त दडून राहणारे कारण म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या.

एक आई दोन मुलांना घेऊन आली होती. दोघांनाही लस द्या म्हणाली. धाकटा ठीक होता. थोरल्याचा चेहरा गोल, गाल वर आलेले. विचारले, "याला काही औषध चालू आहे का हो?" "नाही डॉक्टर, तसे काही नाही. सुजेची गोळी आहे, तेवढीच." पिशवीतून रिकामी पट्टी निघाली, ती प्रेडनिसोलोनची. लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येण्याचा जो आजार लहान मुलांना होतो, त्यावर हे औषध आठवडेच्या आठवडे द्यावे लागते. औषध योग्यच होते, देणाऱ्या डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. पण आईच्या लेखी आजार बरा झाला होता, सूज उतरली होती, आणि गोळी ही आता जेवणासारखी रोजची गोष्ट झाली होती. 'औषध चालू आहे का' या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती तिला आठवलीच नाही. धाकट्याला लस दिली आणि थोरल्याला थांबवले. त्याला ती मोठ्या डोसची गोळी बंद झाल्यावर, त्याच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर द्यायची ठरली. अशा मुलाला कांजिण्या झाल्या तर फार जड जातात, म्हणून त्याला लस हवीच. फक्त आज नको.

मोठा डोस म्हणजे किती? मुलाच्या वजनाच्या दर किलोला रोज २ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन, किंवा दहा किलोहून जास्त वजनाच्या मुलाला व मोठ्या माणसाला रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, असे सलग चौदा दिवस वा जास्त घेतले असेल तर औषध बंद झाल्यावर किमान एक महिना ही लस देत नाहीत. स्टेरॉइडची इतर नावे वेगळी असतात, ताकद वेगळी असते. म्हणून पट्टीवरचे नाव डॉक्टरांना दाखवावे, हिशेब त्यांनी करावा. दम्याचा पंप, म्हणजे तोंडात फवारा घ्यायचा तो, या हिशेबात येत नाही. त्वचेला लावायचे मलमही येत नाही. दम्याच्या झटक्यासाठी चारपाच दिवस गोळी घेतली असेल तर ती पूर्ण झाल्यावर लस देता येते. 'मुलाला दमा आहे म्हणून लस नको' हे धोरण तर अगदी उलटे आहे. ज्याला पुढेमागे स्टेरॉइड घ्यावे लागण्याचा संभव आहे, त्याने आधीच लस घेऊन मोकळे व्हावे.

आणि पुड्या. सांधेदुखीवर, दम्यावर, अंगाच्या खाजेवर कागदाच्या पुडीतून नाव नसलेली पावडर किंवा सुट्या गोळ्या देणारे लोक गावोगाव आहेत. दोन दिवसांत हमखास गुण येतो, भूक वाढते, चेहरा भरतो आणि लोक दुवा देतात. अशा पुडीत काय आहे हे मी बघून सांगू शकत नाही, पण ज्या औषधाने दहा वर्षांची सांधेदुखी दोन दिवसांत पळते, त्यात स्टेरॉइड असण्याची शंका धरूनच चालावे लागते. अशी पुडी महिनोन् महिने घेणाऱ्याने कांजिण्यांचीच काय, कोणतीही जिवंत लस घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. इथे लाज कामाची नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : हे वाचून लस घेता यावी म्हणून चालू असलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. फार दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक तोडले तर रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. ते पायरीपायरीने, देखरेखीखालीच उतरवायचे असते.

कर्करोग, अवयवरोपण आणि एच.आय.व्ही.

रक्ताचा किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग असलेल्या, केमोथेरपी किंवा विकिरण चालू असलेल्या रुग्णाला ही लस देत नाहीत. उपचार पूर्ण झाल्यावर, आजार पूर्ण आटोक्यात असताना आणि केमोथेरपी संपून किमान तीन महिने उलटल्यावर तिचा विचार करतात. तो निर्णय कर्करोगतज्ञांचा, आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांचा नव्हे. मूत्रपिंड किंवा यकृत बदलून घेतलेल्यांना अवयव टिकवण्यासाठी जी औषधे कायम घ्यावी लागतात ती प्रतिकारशक्ती दाबणारीच असतात. म्हणून अवयव बदलायचे ठरत असेल तेव्हाच लशीचा विषय काढावा. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती घेता आली तर उत्तम. संधिवात, सोरायसिस अशा आजारांवर प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने वा गोळ्या चालू असतील त्यांनीही आपल्या तज्ञांना विचारल्याशिवाय लस घेऊ नये.

एच.आय.व्ही.बद्दल लिहिताना मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. आमच्या पेठेच्या काही गल्ल्यांची ओळख साऱ्या महाराष्ट्राला एकाच कारणाने आहे, आणि त्या गल्ल्यांतली मुलेही इतर मुलांसारखीच शाळेत जातात, त्यांनाही गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला होतो. लोकांची समजूत अशी की एच.आय.व्ही. आहे म्हणजे कोणतीही लस बंद. हे खरे नाही. ज्यांची सी.डी.४ पेशींची मोजणी फार खाली गेली आहे त्यांना कांजिण्यांची लस देत नाहीत. परंतु नियमित औषधे घेऊन ज्यांच्या पेशी चांगल्या स्थितीत आहेत त्यांना ती देता येते, नव्हे, द्यावी. लहान मुलांत या पेशींचे प्रमाण शंभरात पंधरा किंवा अधिक, आणि मोठ्यांत त्यांची संख्या २०० किंवा अधिक असावी लागते. अशा मुलांना दोन डोस तीन महिन्यांच्या अंतराने देतात. या आजारावरील औषधे सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून मोफत मिळतात, तपासणीचे आकडे रुग्णाच्या वहीत लिहिलेले असतात. ती वही दाखवली की डॉक्टरांना पाच मिनिटांत निर्णय घेता येतो. वही लपवली तर एक तर नको तेव्हा लस दिली जाते, नाही तर हवी असताना राहून जाते. डॉक्टरांनीही अशा वेळी वही टेबलावर उघडी ठेवून कंपाउंडरला ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न विचारू नयेत.

याच जातीचे आणखी एक कारण क्वचित आढळते, पण सांगून ठेवतो. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली मुले असतात. मुलाच्या सख्ख्या भावंडांपैकी कोणी तान्हेपणी वारंवार न्यूमोनिया, जुलाब, फोड होऊन दगावले असेल, तर जिवंत लस देण्यापूर्वी या मुलाची एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. अशी हकिगत आईवडील आपण होऊन सांगत नाहीत, दुःखाची गोष्ट असते. पण ती सांगावी.

गरोदरपण

गरोदर स्त्रीला ही लस देत नाहीत. लस घेतल्यावर पुढचा एक महिना दिवस राहू देऊ नयेत. लग्न ठरलेल्या मुलीला कांजिण्या झालेल्या नसतील तर तिच्या आईने थोडा हिशेब मांडावा : दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे आणि शेवटच्या डोसानंतर एक महिना, म्हणजे लग्नाच्या निदान दोन महिने आधी सुरुवात हवी. दागिन्यांची यादी आधी होते, ही यादी कोणी करत नाही. बालवाडीत शिकवणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या मुलींनी तर हे आवर्जून करावे, कारण त्यांचा दिवसभर मुलांशी संबंध येतो.

लस घेतल्यानंतर पंधरा दिवसांनी कळले की दिवस गेलेले होते, तर? घाबरून गर्भपाताचा विचार करू नये. अमेरिकेत अशा स्त्रियांची १९९५ ते २०१३ या काळात खास नोंद ठेवली गेली. लशीच्या विषाणूमुळे बाळात कांजिण्यांची जन्मजात विकृती आल्याचे एकही उदाहरण त्या नोंदीत सापडले नाही. आपल्या डॉक्टरांना सांगावे आणि नेहमीप्रमाणे तपासण्या करीत राहावे.

धोका असतो तो खऱ्या कांजिण्यांचा. गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर शंभरात दोनांहून कमी बाळांना व्यंग येऊ शकते. आईला न्यूमोनिया होऊन तिच्या जिवावर बेतू शकते. बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आईच्या अंगावर फोड उठले तर बाळाला फार तीव्र स्वरूपाचा आजार होतो. म्हणूनच 'सून गरोदर आहे, नातवाला लस नको' हा आजींचा युक्तिवाद पार उलटा आहे. सुनेला कांजिण्या झालेल्या नसतील, तर नातवाला लस देणे हाच तिचा बचाव. लस दिलेल्या मुलाकडून दुसऱ्याला लशीचा विषाणू लागल्याची उदाहरणे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. लस दिलेल्या शंभर मुलांपैकी तीन ते पाचांच्या अंगावर महिन्याभरात चारदोन पुरळ उठतात. तसे झाले तरच ते सुकेपर्यंत मुलाला कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रीपासून आणि कर्करोगाच्या वगैरे रुग्णापासून दूर ठेवावे. अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःला लस घ्यायची असेल तर ती बेलाशक घेता येते.

थोडे थांबावे, पण टाळू नये

काहींना लस द्यायची असते, फक्त वेळ चुकीची असते. कडक ताप, जोराचे जुलाब, न्यूमोनिया अशा आजारात मूल असेल तर ते उठून खेळू लागेपर्यंत थांबावे. क्षयरोग निघाला असून औषध सुरू झालेले नसेल तर आधी क्षयाचे औषध सुरू करावे. रक्त चढवले असेल तर सुमारे सहा महिने, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्या असतील तर सात महिने थांबतात, कारण दात्याच्या रक्तातली प्रतिपिंडे लशीच्या विषाणूला रुजूच देत नाहीत. इथे धोका नसतो, लस वाया जाते एवढेच. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट दिलेली किती तरी मुले असतात, त्यांच्या आईवडिलांनी ती तारीख लिहून ठेवावी. माणसाच्या रक्तापासून बनवलेले इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल तर मात्रेनुसार तीन ते अकरा महिने. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर महिन्याला रक्त लागते, त्याने सहा महिने थांबायचे कसे? त्याचा मार्ग त्याच्या तज्ञांनीच काढायचा.

सरकारी लसीकरणात सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. तीही जिवंत लस. कांजिण्यांची लस तिच्याबरोबर त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी टोचता येते. तसे न झाले तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. आज उपकेंद्रात एक आणि आठ दिवसांनी शहरात दुसरी, असे करू नये. म्हणून लसीकरणाचे कार्ड बरोबर असावे. तापात आकडी येण्याचा इतिहास असलेल्या मुलाला गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांची एकत्रित लस पहिल्या डोसाला न देता दोन सुया वेगळ्या दिलेल्या बऱ्या.

ॲस्पिरिनचेही लक्षात ठेवावे. लस घेतल्यावर सहा आठवडे मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. कांजिण्यांच्या विषाणूच्या संगतीने ॲस्पिरिन यकृताला आणि मेंदूला घातक ठरू शकते, आजार क्वचित होतो पण भयंकर आहे. ताप आलाच तर पॅरासिटामॉल द्यावे. हृदयाच्या किंवा अन्य कारणासाठी ज्या मुलांना ॲस्पिरिन रोज चालू आहे, त्यांच्याबाबत हृदयरोगतज्ञांना विचारूनच पुढे जावे.

ॲलर्जीचे म्हणाल तर, मागच्या डोसानंतर किंवा लशीतल्या एखाद्या घटकाने घसा सुजणे, श्वास कोंडणे, शुद्ध हरपणे असे झाले असेल तर पुन्हा ती लस नाही. हे घटक म्हणजे मुख्यतः निओमायसिन हे प्रतिजैविक आणि काही कंपन्यांच्या लशीत असणारे जिलेटिन. निओमायसिनचे मलम लावून नुसती कातडी लाल झाली होती, एवढे कारण पुरत नाही. अंगावर अधूनमधून पित्त उठते, हेही नाही. अंड्याचा या लशीशी काही संबंध नाही.

आणि ज्यांनी थांबूच नये

सर्दी, साधा खोकला, दात येणे, आंब खाऊन पातळ शी झालेली, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असणे, मूल वजनाने कमी असणे : यांपैकी कशासाठीही लस लांबवू नये. मधुमेहाच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या मुलांना तर तिचा फायदा अधिक.

इसब असलेल्या मुलाला 'अंगाला खाज आहे तोवर टोचू नका' असे घरातली वडील माणसे हटकून सांगतात. याला इतिहास आहे. पूर्वी देवीची लस टोचत, माझ्याही दंडावर तिचा व्रण आहे. ती लस इसब असलेल्या मुलाच्या अंगभर पसरून जिवावर बेतू शके, म्हणून अशा मुलांना खरोखरच वगळत. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले, आणि ती लसही गेली. सल्ला मात्र राहिला. कांजिण्यांच्या लशीला तो लागू नाही.

नागिणीच्या लशीशीही गल्लत होते. कांजिण्यांचाच विषाणू शरीरात दडून राहून उतारवयात नागीण म्हणून वर येतो. भारतात २०२३ पासून मिळणारी नागिणीची नवी लस ही जिवंत नाही, आणि ती प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही देता येते. दोन्ही लशींची कामे वेगळी, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

ज्यांना लस नाही त्यांचे काय?

ज्यांना ही लस घेता येत नाही त्यांच्याभोवती कुंपण घालावे लागते, आणि ते कुंपण म्हणजे घरातली इतर माणसे. कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाच्या सख्ख्या, चुलत, एका घरात राहणाऱ्या सर्व भावंडांना, कांजिण्या न झालेल्या काका-काकूंनाही लस द्यावी. 'त्याला लस नाही म्हणून कोणालाच नको' असे एका कुटुंबाने ठरवले होते. समजावल्यावर तीन भावंडे एकाच दिवशी टोचून गेली.

कुंपण अनेकदा मोडते ते बाहेरून आलेल्या पाहुण्यामुळे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी राहतात. एका खोलीत पाचसहा कॉट, दिवसभर अभ्यासिका, रात्री एकच पंखा. उष्ण हवामानाच्या देशांत लहानपणी कांजिण्या न होता तरुणपणी होण्याचे प्रमाण थंड देशांपेक्षा जास्त असते, आणि या वयात आजार लहान मुलांपेक्षा जड जातो. अंगावर फोड उठले की हा मुलगा संध्याकाळची एस.टी. पकडून घरी येतो. आईला वाटते बरे झाले आला, हाताशी राहील. पण घरी वहिनी गरोदर असते किंवा आजोबांची केमोथेरपी चालू असते. कांजिण्या फोड दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून सर्व खपल्या धरेपर्यंत हवेतून पसरतात. त्या मुलाने घरी येण्यापूर्वी फोन करून घरात कोण आहे हे विचारावे, आणि गरज पडली तर खोलीवरच राहून तिथल्या डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे त्याला परत पाठवणे जिवावर येते. मग निदान गरोदर वहिनीला तो येण्याआधी माहेरी पाठवावे.

एवढे करूनही संपर्क आलाच, तर वेळ घालवू नये. ज्याला लस चालते पण घेतलेली नाही अशा निरोगी माणसाने तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत, लस घेतली तरी आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्याला लस चालत नाही त्याच्यासाठी, म्हणजे कांजिण्या न झालेली गरोदर स्त्री, केमोथेरपीचा वा मोठ्या डोसाच्या स्टेरॉइडचा रुग्ण, किंवा बाळंतपणाच्या सुमारास आजारी पडलेल्या आईचे नवजात बाळ, तयार प्रतिपिंडांचे खास इंजेक्शन असते. ते शक्य तितक्या लवकर, चार दिवसांच्या आत मिळावे, दहा दिवसांपर्यंतही त्याचा उपयोग होतो. ते महाग आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसते. म्हणून संपर्क आल्याच्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना फोन करून ते कुठे मिळेल याची सोय लावावी. ते न मिळाल्यास असायक्लोविर हे औषध कसे व कधी द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. अशा रुग्णाच्या अंगावर पहिला फोड दिसला तर कडुनिंबाचा पाला आणि 'आई आली आहे, औषध नको' हे सारे बाजूला ठेवून चोवीस तासांच्या आत त्याला रुग्णालयात न्यावे. संपर्कानंतर फोड दिसायला दहा ते एकवीस दिवस लागतात, आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळालेल्यांत अठ्ठावीस दिवसही. तेवढे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवावी.

लस घ्यायला जाताना लसीकरणाचे कार्ड, चालू औषधांच्या पट्ट्या (पुड्यासुद्धा), आणि गेल्या वर्षभरात रक्त वा प्लेटलेट दिल्या असतील तर त्याचा कागद, एवढे पिशवीत असू द्या.

पुढील आठवड्यात : नागीण आणि नागिणीनंतर मागे राहणारी आग.